लँडलॅबमध्ये भूरूपाचं पहिलं मॉडेल: ग्रिड, सीमा, कालटप्पा आणि पडताळणी

जमीन उचलली जाते, नदी ती कोरते, डोंगरउतारावरची माती हळूहळू खाली सरकते. या तीन गोष्टी एकत्र चालवून पाहायच्या असतील तर लँडलॅब ही पायथनमधली मुक्तस्रोत लायब्ररी हाताशी असलेली चांगली निवड आहे. ग्रिड, म्हणजे भूभागावर टाकलेली बिंदूंची जाळी, ती देते, पाणी कुठून कुठे वाहतं हे ती काढते, आणि झीज, माती सरकणं, पूर, वनस्पती अशा प्रक्रियांचे तयार घटक तिच्यात आहेत. हे घटक एकामागून एक चालवले की मॉडेल तयार होतं.

घटक जोडणं अर्ध्या तासाचं काम आहे. मॉडेल बिघडतं ते सीमा, एककं आणि कालटप्पा (मॉडेल एका वेळी जितकी वर्षं पुढे जातं ते) यांच्यात, आणि बिघडलेलं मॉडेलही अतिशय खरं दिसणारा डोंगर काढून देतं. म्हणून इथे मुद्दाम असं उदाहरण घेतलं आहे, ज्याचं उत्तर कागदावर आधीच काढता येतं. ते जुळल्याशिवाय खऱ्या भूभागाला हात लावू नका.

बसवणं

लँडलॅबसाठी स्वतंत्र पायथन एन्व्हायर्नमेंट करा. कॉन्डा वापरत असाल तर कॉन्डा-फोर्ज चॅनेलवरून बसवा, नाहीतर पिपनेही बसते. जुन्या एन्व्हायर्नमेंटमध्ये घुसवली की नमपाय या आकडेमोडीच्या पायथन लायब्ररीच्या आवृत्तीवरून भांडण होतं आणि त्याचा छडा लावण्यात दिवस जातो. बसल्यावर आवृत्ती क्रमांक छापून टिपून ठेवा. २०२० साली आलेल्या दुसऱ्या मोठ्या आवृत्तीत घटकांची रचना बरीच बदलली, त्यामुळे त्याआधीचे नमुना-प्रोग्रॅम जसेच्या तसे चालतील अशी अपेक्षा ठेवू नका.

ग्रिड आणि सीमा

रास्टर-मॉडेल-ग्रिड घ्या: १०१ ओळी, १५१ स्तंभ, अंतर १०० मीटर. म्हणजे दक्षिणोत्तर १० किलोमीटर आणि पूर्व-पश्चिम १५ किलोमीटरचा भाग, एकूण १५,२५१ नोड, म्हणजे जाळीचे बिंदू. आकार देताना आधी ओळी, मग स्तंभ. उलटं लिहिलं तरी काही तक्रार येत नाही, फक्त नकाशा आडव्याचा उभा होतो.

नोडची मोजणी डाव्या खालच्या, म्हणजे नैर्ऋत्य कोपऱ्यापासून सुरू होते आणि उजवीकडे, मग वर जाते. चित्रांच्या आणि बहुतेक उंची-फाइलींच्या ओळी मात्र वरून खाली येतात. हा फरक आत्ताच लक्षात ठेवा, पुढे खरी उंची भरताना लागेल.

आता उंचीचं फील्ड, म्हणजे प्रत्येक नोडच्या किमतींची यादी, जोडा. त्याचं नाव टोपोग्राफिक, दोन अंडरस्कोअर, एलिव्हेशन. एकच अंडरस्कोअर दिलात तर फील्ड तयार होतं, पण कुठल्याच घटकाला ते सापडत नाही. फील्ड दशांश प्रकारचं असू द्या. पूर्णांकांच्या फील्डमध्ये ०.१ मीटर मिळवायला गेलं की काही लेखनपद्धतींत त्रुटी येते, तर काहींत दशांश भाग गुपचूप कापला जातो. दुसऱ्या प्रकारात डोंगर कधी उचललाच जात नाही.

सीमेला खरा वेळ द्या. प्रत्येक नोडला एक दर्जा असतो: ० म्हणजे आतला, १ म्हणजे ठरावीक उंचीची उघडी सीमा, ४ म्हणजे बंद. पाणी आणि गाळ फक्त उघड्या सीमेतून बाहेर जातात. या उदाहरणात वरची आणि खालची कड उघडी, डावी-उजवी बंद. कडा बंद करणारी जी सोय आहे ती चार हो-नाही घेते, आणि त्यांचा क्रम उजवी, वरची, डावी, खालची असा असतो, घड्याळाच्या उलट दिशेने. म्हणून इथे हो, नाही, हो, नाही. लगेच आतल्या नोडची संख्या छापा: ९९ गुणिले १४९, म्हणजे १४,७५१ यायला हवी. मग दर्जाचा नकाशा काढून डोळ्यांनी पाहा. कुठल्या कडा बंद झाल्या हे संख्येवरून कळत नाही, नकाशावरून कळतं.

चारही कडा चुकून बंद झाल्या तर पाण्याला वाट उरत नाही, सगळा भाग एक मोठं तळं होतं आणि उंची सरळ रेषेत वाढत जाते. आलेख इतका स्वच्छ दिसला की आधी सीमा तपासा.

सुरुवातीचा पृष्ठभाग

पूर्ण सपाट पृष्ठभागावर पाण्याला कुठे जावं हेच ठरवता येत नाही, म्हणून आतल्या नोडना ० ते १ मीटरमधली यादृच्छिक उंची द्या. सीमा शून्यावरच ठेवा. यादृच्छिक संख्यांचं बीज, म्हणजे सीड, ठरावीक असू द्या, नाहीतर तोच प्रयोग पुन्हा जमणार नाही.

या खडबडीतून खड्डे तयार होतात आणि पाणी त्यांत अडकतं. म्हणून फ्लो-अ‍ॅक्युम्युलेटर हा घटक तयार करतानाच त्याला दोन गोष्टी सांगा: प्रवाहाची दिशा डी-एट पद्धतीने (आठही शेजारी पाहून) काढ, आणि खड्डे शोधणारा डिप्रेशन-फाइंडर-अँड-राउटर सोबत चालव. दिशेची पद्धत सांगितली नाही तर मूळ निवड सर्वात तीव्र उताराची असते आणि रास्टरवर ती चारच शेजारी पाहते. मग नद्या जिन्याच्या पायऱ्यांसारख्या दिसतात आणि तिरक्या प्रवाहाची लांबी ४१ टक्क्यांपर्यंत जास्त भरते.

नदीची झीज: आधी कागदावर

झिजेसाठी फास्टस्केप-इरोडर घ्या. तो स्ट्रीम पॉवर समीकरण सोडवतो: झिजेचा दर म्हणजे के (जमीन किती सहज झिजते याचा गुणक) गुणिले पाणलोट क्षेत्राचा एम घात गुणिले उताराचा एन घात. एम ०.५ आणि एन १ ठेवा. के ०.००००१ प्रति वर्ष घ्या आणि उत्थानाचा (जमीन उचलली जाण्याचा) दर वर्षाला ०.०००१ मीटर, म्हणजे ०.१ मिलिमीटर. केची मूळ किंमत घटकात ०.००१ आहे. ती तशीच राहू दिलीत तर उतार शंभरपट कमी येतील, म्हणून प्रत्येक किंमत स्वतः लिहा.

के या गुणकाचं एकक एमवर अवलंबून असतं. एम ०.५ असताना ते प्रति वर्ष, ०.४ असताना त्यात मीटरचा ०.२ घातही येतो. म्हणून के तसाच ठेवून नुसता एम बदलणं हे दोन्ही बदलण्यासारखंच आहे. १० लाख चौरस मीटर क्षेत्राचा ०.५ घात १,००० होतो आणि ०.४ घात २५१. एवढ्यावर स्थिर उतार चौपट होतो, आणि पाहणाऱ्याला वाटतं की एमचा परिणाम मोठा आहे.

आता उत्तर काढू. स्थिर अवस्थेत झीज आणि उत्थान समान, म्हणून उतार म्हणजे उत्थानदर भागिले के, भागिले क्षेत्राचं वर्गमूळ. उत्थानदर भागिले के इथे १० मीटर आहे. एका सेलच्या (नोडभोवतीच्या चौकोनाच्या) क्षेत्राला, म्हणजे १०,००० चौरस मीटरला, उतार ०.१ यायला हवा. १० लाख चौरस मीटरला ०.०१, १ कोटीला ०.००३२. हे तीन आकडे कागदावर लिहून बाजूला ठेवा.

वेळेचा अंदाजही याच समीकरणातून मिळतो. एन १ असताना नदीच्या तळातला बदल के गुणिले क्षेत्राचं वर्गमूळ एवढ्या वेगाने वर सरकतो. १० लाख चौरस मीटर क्षेत्र असलेल्या जागी हा वेग वर्षाला १ सेंटिमीटर, तर माथ्याजवळच्या एका सेलपाशी वर्षाला १ मिलिमीटर, म्हणजे शेवटचे १०० मीटर चढायलाच १ लाख वर्षं. मधल्या जलविभाजकापर्यंतच्या ५ किलोमीटरचा हिशेब मांडला तर साधारण ८ लाख ते १० लाख वर्षं लागतात. शिवाय कुठल्याही नोडची स्थिर उंची म्हणजे उत्थानदर गुणिले बदल तिथे पोचायला लागणारा वेळ. म्हणून माथे शंभर मीटरच्या घरात यायला हवेत. २ मीटर किंवा २,००० मीटर आले तर मॉडेल चुकलं आहे. सुरुवातीला नद्यांचं जाळं बसण्यातही वेळ जातो, त्यामुळे एकूण ५० लाख वर्षं चालवा.

कालटप्पा १,००० वर्षं. फास्टस्केपची पद्धत कितीही मोठ्या टप्प्याला कोसळत नाही, आणि याच गुणामुळे माणसं फसतात. टप्पा मोठा असेल तर मॉडेल फुटत नाही, फक्त नदीतली तीव्र पायरी विरघळून पसरट होते. एका टप्प्यात बदल एका सेलपेक्षा पुढे सरकू नये इतकं पाळा. १ कोटी चौरस मीटरच्या मुखापाशी १,००० वर्षांत तो सुमारे ३२ मीटर सरकतो, सेल १०० मीटरची आहे, तेव्हा ठीक.

लूप

प्रत्येक टप्प्यात आधी आतल्या नोडची उंची उत्थानदर गुणिले कालटप्पा एवढी, म्हणजे ०.१ मीटरने वाढवा. मग फ्लो-अ‍ॅक्युम्युलेटर चालवा, मग फास्टस्केप-इरोडर. क्रम महत्त्वाचा: प्रवाह न काढता झीज केली तर ती मागच्या टप्प्यातल्या दिशांवर होते. घटक तयार करतानाही फ्लो-अ‍ॅक्युम्युलेटर आधी हवा, कारण पाणलोट क्षेत्राचं फील्ड तोच जोडतो. उलट केलंत तर फील्ड नाही अशी त्रुटी लगेच येते. ही त्रुटी निदान बोलते तरी.

न बोलणाऱ्या चुका जास्त त्रास देतात. उत्थान सीमेसकट सगळ्या नोडना दिलं तर सीमाही तितकीच उचलली जाते, उतार तयारच होत नाहीत आणि ५० लाख वर्षांनीही सपाट पठार राहतं. उंची वाढवताना ती अ‍ॅरे (आकड्यांची रांग) जागच्या जागी बदलायला हवी. उजवीकडे बेरीज करून त्याच नावाला नवी अ‍ॅरे दिली तर तुमच्या हातातली उंची वाढते, ग्रिडमधलं फील्ड जुनंच राहतं, आणि घटक जुन्यावरच काम करत बसतात. मधल्या अवस्था यादीत साठवताना प्रत्येक वेळी प्रत काढून ठेवा. प्रत न काढता फील्डच जोडलं तर यादीतल्या सगळ्या चौकटी शेवटच्या क्षणाच्या निघतात, कारण त्या एकाच अ‍ॅरेकडे बोट दाखवत असतात.

तळ्याखालच्या नोडची झीज करायची की नाही, हा फास्टस्केपचा एक पर्याय आहे आणि मुळात तो हो वर असतो. खड्डे शोधणारा घटक सोबत असेल तर तो नाही वर ठेवा. तळ्याच्या तळाशी नदीचं कोरणं चालू ठेवण्यात भौतिक अर्थ नाही.

अवस्था दर ५०,००० वर्षांनी साठवल्या तरी पुरतात. शंभर चौकटींत सगळी गोष्ट दिसते.

जुळतं का?

स्थिर अवस्था आली हे सरासरी उंचीवरून ठरवू नका. सरासरी थांबते तेव्हाही जलविभाजक सरकत असतात. दोन लागोपाठच्या टप्प्यांत आतल्या कुठल्याही नोडची उंची जास्तीत जास्त किती बदलली ते काढा आणि ०.१ मीटरने भागा. हे गुणोत्तर एक हजारांशाखाली आलं की थांबा.

मग आतल्या नोडचा उतार आणि पाणलोट क्षेत्र दोन्ही अक्षांवर लॉग घेऊन मांडा. उणे ०.५ उताराची सरळ रेषा मिळायला हवी आणि ती कागदावरच्या तीन आकड्यांमधून जायला हवी. रेषेचा उतार बरोबर पण जागा चुकीची, तर के किंवा उत्थानाच्या एककात घोळ आहे, बहुधा मिलिमीटर आणि मीटर यांचा. ठिपके रेषेवर नसून वरखाली विखुरलेले असतील तर स्थिर अवस्था अजून आलेली नाही. मोठ्या क्षेत्राचे ठिपके बसले आणि लहान क्षेत्राचे भटकत असतील तर तेच कारण समजा: बदल माथ्यापर्यंत पोचायचा आहे.

सीड बदलून पाचदहा वेळा चालवा. प्रत्येक वेळी खोरी वेगळ्या जागी येतील. त्या जागा सुरुवातीच्या खडबडीने ठरवलेल्या असतात, म्हणून एखादी विशिष्ट दरी इथेच का, याचं उत्तर या मॉडेलकडे मागू नका. एकूण उंची, दऱ्यांमधलं सरासरी अंतर, उतार आणि क्षेत्राचं नातं मात्र टिकून राहतं. दावे तेवढ्यांवरच करा.

डोंगरउतार जोडताना सेल किती मोठी

माती सरकण्यासाठी लिनिअर-डिफ्यूझर आहे. त्याला पसरण-गुणांक (माती किती वेगाने पसरते ते) द्या, वर्षाला ०.०१ चौरस मीटर. आहे त्याच १०० मीटरच्या ग्रिडवर तो जोडलात तर जवळजवळ काहीच बदलणार नाही, आणि घटक चालत नाही असं वाटेल. घटक चालतो आहे, सेल चुकली आहे.

डोंगरउतार संपून नदी सुरू होते ती लांबी, एम ०.५ आणि एन १ असताना, पसरण-गुणांक भागिले के याचं वर्गमूळ असते. ०.०१ भागिले ०.००००१ म्हणजे १,०००, त्याचं वर्गमूळ सुमारे ३२ मीटर. पूर्ण डोंगरउतार एकाच सेलच्या पोटात मावतो आहे, तर तो दिसणार कुठे? किमान तीन सेल तरी त्या लांबीत बसाव्यात.

म्हणून दुसरा प्रयोग लहान भागावर करा: २०१ गुणिले २०१ नोड, अंतर १० मीटर, म्हणजे २ किलोमीटरचा चौरस. सीमा, के आणि उत्थान तेच. लूपमध्ये फास्टस्केपनंतर लिनिअर-डिफ्यूझर चालवा. त्याची पद्धत मोठ्या टप्प्याला फुटणारी आहे. सैद्धांतिक मर्यादा सेलच्या बाजूचा वर्ग भागिले चारपट गुणांक, इथे २,५०० वर्षं. घटक मोठा टप्पा स्वतःच आतून लहान तुकड्यांत वाटतो, त्यामुळे १,००० वर्षांचा टप्पा निर्धास्त वापरा. पण सेल निम्मी केलीत की मर्यादा चौथ्या हिश्शावर येते आणि नोड चौपट होतात, हे वेळेचं गणित करताना धरा. तीव्र उतारांसाठी टेलर-नॉनलिनिअर-डिफ्यूझर वापरलात तर टप्पा आपोआप लहान करण्याचा त्याचा पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो. तसं केलं नाही तर उंची लाखो मीटरवर किंवा थेट नॅनवर (‘संख्या नाही’ या खुणेवर) जाते.

इथेही हातचा पुरावा आहे. लांब सरळ माथ्याची वक्रता उणे उत्थानदर भागिले गुणांक, म्हणजे उणे ०.०१ प्रति मीटर यायला हवी. माथ्याला काटकोनात ओळीने तीन नोड घ्या: मधला नोड दोन्ही शेजाऱ्यांच्या सरासरीपेक्षा सुमारे अर्धा मीटर उंच असला पाहिजे. नेमका आकडा जरा कमी, ०.४७ ते ०.४८ च्या आसपास येईल. कारण स्ट्रीम पॉवर प्रत्येक नोडवर लागू होते, माथ्यावरच्या १०० चौरस मीटरच्या एकट्या सेलवरही, आणि झिजेचा साधारण ५ टक्के वाटा तीच उचलते. हा वाटा सेलच्या आकाराबरोबर बदलतो. म्हणून कुठलाही निष्कर्ष मांडण्याआधी सेल निम्मी करून एकदा चालवून पाहाच.

खरा भूभाग

उंचीची फाइल आधी क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये यूटीएमसारख्या मीटरच्या प्रक्षेपणात न्या, बायलिनिअर पद्धतीने (जवळच्या चार किमतींची भारित सरासरी घेऊन). अंशांतली फाइल तशीच घातली तर सेल ०.०००२८ एवढी भरते, तीही मीटर समजली जाते, आणि उतार दहा हजारांत जातात. मग अ‍ॅरे वरून खाली उलटून भरा. लँडलॅबची स्वतःची एस्री-अस्की या मजकूर-स्वरूपातली उंची-फाइल वाचण्याची सोय वापरलीत तर उलटण्याचं काम ती करते, पुन्हा उलटू नका.

रिकाम्या जागांची किंमत बहुधा उणे ९९९९ असते. ते नोड बंद केले नाहीत तर मॉडेलला तिथे दहा किलोमीटर खोल विहीर दिसते आणि सगळं पाणी तिच्याकडे धावतं. एकच पाणलोट घेतला असेल तर पाणलोटाची सीमा लावणारी सोय रिकाम्या जागा बंद करते आणि सर्वात खालच्या नोडला मुख ठरवते. सर्वात खालचा नोड काठावर नसून आत असला, जसं खाणीचा खड्डा, तर ती अडते. तेव्हा मुखाचा नोड क्रमांक स्वतः द्या.

याच भूभागावर एका पावसाचा पूर चालवायचा असेल तर ओव्हरलँड-फ्लो हा घटक आहे, पण तो सेकंदांत मोजतो आणि पाऊस मीटर प्रति सेकंदात मागतो. ताशी १० मिलिमीटर म्हणजे ०.०००००२७८ मीटर प्रति सेकंद. झीज वर्षांत, पूर सेकंदांत: दोन्ही एका लूपमध्ये आणताना व्हेरिएबलच्या नावातच एकक लिहा.

राहिला के. तो पावसाच्या आकड्यांतून किंवा खडकाच्या नावावरून काढता येत नाही. खऱ्या नदीचा उतार-क्षेत्र आलेख मांडला की त्यातून फक्त उत्थानदर आणि के यांचं गुणोत्तर मिळतं. समजा एम ०.५ आणि एन १ धरून ते ५० मीटर आलं. हेच गुणोत्तर दुप्पट उत्थान आणि दुप्पट केनेही मिळतं, म्हणजे नुसती उंची जुळली तरी वेळ चुकीचा असू शकतो. झिजेचा दर वेगळ्या मार्गाने हवा, उदाहरणार्थ नदीच्या वाळूतल्या बेरिलियम-१० या समस्थानिकाच्या प्रमाणावरून. तो वर्षाला ०.१ मिलिमीटर असेल तर के ०.०००००२ प्रति वर्ष. पुढे एन २ घेऊन पाहायचं ठरलं तर हा के तसाच उचलू नका: तेव्हा आलेखातून मिळणारा आकडा त्या गुणोत्तराचं वर्गमूळ असतो, एमही १ करावा लागतो, आणि के नव्याने काढावा लागतो.